आमच्या तोंडाला चुना

लग्नसराईत संध्याकाळी सहाच्या सुमाराला सात रस्त्यावर उभं राहा आणि नुसतं बघा. पार्लरच्या काचेच्या दारातून नवरी बाहेर पडते. तोंड पांढरंफटक. कानामागं काळंसावळं. मान तिसऱ्या रंगाची, हात चौथ्या. एका देहावर चार वर्ण. रिक्षात बसताना ती मान वळवते तेव्हा जबड्याखाली एक रेघ दिसते, गावाच्या आणि आमच्या वस्तीच्या मध्ये असते तसली. रेघेच्या वर पांढरं, रेघेच्या खाली आपण. आणि बरोबरच्या बाया कौतुकानं म्हणतात, ‘‘अगं बया, ओळखूच येईना की गं!’’

ओळखूच येईना. ह्याचेच पैसे मोजलेत.

हा लेख मेकअपवर आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या, नंतर मध्येच दात काढू नका. कोण हसणार ते मला माहीत आहे. आपलेच हसणार. टपरीवर टेबल बडवणारे, सभेत नरडं फाडणारे. म्हणणार, ‘‘काय बे, खैरलांजी विसरलास का? आरक्षण चाललं, कायम नोकऱ्या जाऊन कंत्राट आलं, आणि तू साल्या लिपस्टिकवर लिहितोस?’’

व्हय, लिहितो. डिसेंबर १९२७. महाड. मनुस्मृती जाळली त्याच मुक्कामात बाबासाहेब आपल्या बायकांशी वेगळे बोलले. काय बोलले? लुगडं कसं नेसता ते. अंगावर कथलाचे नि चांदीचे दागिने किती लादता ते. ज्या खुणांनी तुम्ही लांबूनच अस्पृश्य म्हणून ओळखू येता त्या टाका, असं सांगितलं. आणि बायकांनी तिथल्या तिथं लुगडं नेसायची तऱ्हा बदलली. समोर तळं होतं, धर्मशास्त्र होतं, सरकार होतं, कोर्टकचेरी होती. तरी त्या माणसाला लुगडं ही बारीक गोष्ट वाटली नाही. तुला लिपस्टिक बारीक वाटते, कारण ती तुझ्या ओठाला लावायची नाही.

कुणी शहाणा आता उलटा डाव टाकील. म्हणेल, बाबासाहेबांनीच खुणा पुसायला सांगितल्या, मग कातडीची खूणही पुसली तर काय बिघडलं? बिघडलं असं, की गुडघ्यापर्यंतचं लुगडं लादलेलं होतं. लादणारे वेगळे होते. कातडी कुणी लादली नाही. ती आईनं दिली.

आता गोऱ्या रंगाची गोष्ट सांगतो. मी ती पुस्तकात वाचली नाही, पाठीवर वाहिली. मी मुंबईला गोदीत कंत्राटावर हमाली करतो आणि लग्नाकार्याला सिद्धेश्वर एक्सप्रेसनं सोलापूरला येतो. एकदा कंटेनर उघडला तर आत कागदी बॅगा, पंचवीस पंचवीस किलोच्या, छतापर्यंत रचलेल्या. टायटॅनियम डायऑक्साइड. मुकादम म्हणाला, रंगाच्या कारखान्याचा माल आहे, भिंतीला पांढरा रंग देतात तो ह्याच्यापास्नं होतो. दोन-तीन बॅगा फुटल्या. पाळी संपली तेव्हा आम्ही आठ जण भुतासारखे उभे. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, नाकातले केस पांढरे. एक जण म्हणाला, ‘‘चला रे, आता अशाच अवतारात पोरगी बघायला जाऊ.’’ हसून हसून पोट दुखलं. मग नळाखाली बसलो. पांढरं पाणी गटारीत गेलं आणि खाली आमचे आम्ही शिल्लक राहिलो.

सुट्टीत घरी आलो तेव्हा बहिणीच्या, अक्काच्या, पावडरीच्या डबीवरचं मुंगीएवढ्या अक्षरातलं वाचलं. तिथं लिहिलं होतं सीआय ७७८९१. हा त्याच मालाचा नंबर. टायटॅनियम डायऑक्साइडचा. भिंतीचा रंग आणि नवरीचा रंग एकाच कंटेनरमधून उतरतो. त्यात विष नाही, उगाच घाबरवत नाही. सनस्क्रीनमध्ये तो असतो, फाउंडेशनमध्ये असतो, गोळ्यांच्या पांढऱ्या वेष्टनात असतो. पण तो पांढरा आहे आणि खालचं झाकणारा आहे. गोऱ्या कातडीवर तो मुरल्यासारखा दिसतो. आपल्या कातडीवर तोच राखेसारखा दिसतो. चुलीतली राख तोंडाला फासल्यासारखा. त्यात बाकीचे रंग, म्हणजे पिवळे, लाल, काळे लोहाचे रंग, बरोबर मापात घातले तर आपल्याही कातडीचं फाउंडेशन होतं. होतं म्हणजे होतंच, रसायनशास्त्राला जात नाही. दुकानदाराला आहे.

अक्काचं लग्न दोन वर्षांपूर्वी झालं. आपल्या पद्धतीनं, पांढरी साडी, त्रिशरण-पंचशील, मंगल मैत्री. पांढऱ्या साडीशेजारी सावळं तोंड कसं झळकतं हे ज्यानं बघितलंय त्याला सांगायला नको. पण पार्लरमध्ये तिच्या तोंडावर जो थर चढवला तो गुलाबी अंगाचा होता. अक्काची कातडी पिवळट-हिरवट. पिवळ्या-हिरव्यावर पांढरट गुलाबी चोपडलं की काय होतं? राखाडी होतं. थोडं जांभळटच. हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली अक्का अशी दिसत होती की चुलती माझ्या कानात म्हणाली, ‘‘पोरीला ताप हाय का रं?’’ मी पार्लरवाल्या बाईला नंतर विचारलं. ती काही खलनायक नव्हे. आपल्यासारखीच सावळी, कर्ज काढून दोन खुर्च्या टाकलेली. म्हणाली, ‘‘भाऊ, आम्हाला कोर्सात शिकवलंच हाय, नवरी दोन शेड वर घ्यायची. नाही घेतली तर सासू म्हणते पैसे कशाचे घेतले? आणि खालचे शेड मागवले तर पडून राहतात. तारीख संपते.’’

नवरी दोन शेड वर घ्यायची. जसं काही ती खड्ड्यात पडली आहे.

ह्या ‘वर’ आणि ‘खाली’ची सगळी भाषाच आधी तपासून घेतली पाहिजे. मराठीत काळी पोरगी काळी नसते, ती ‘रंगानं जरा डावी’ असते. आणि पोरीचं लग्न करणं म्हणजे तिला ‘उजवणं’. म्हणजे रंगानं डावी असली की उजवायला पैसा जास्त. हुंड्याचा हिशेब भाषेतच लिहून ठेवलाय. अब्रू असली की माथा उजळ, अब्रू गेली की तोंड काळं. पैसा चोरीचा तर काळा, बाजार चोरीचा तर काळा. एक जमीन तेवढी काळी असून चांगली, कारण ती त्यांच्या नावावर आहे.

आणि तो ‘गव्हाळ’ शब्द! बायोडेटात रंगाच्या रकान्यात आपण सगळे गव्हाळ. अरे, गहू खाल्ला कुणी? सोलापूर जिल्हा ज्वारीचा. मंगळवेढ्याची मालदांडी. आपल्या आज्यांनी गव्हाची पोळी सणाला बघितली, तीही दुसऱ्याच्या दारात. आपला रंग ज्वारीच्या भाकरीचा आहे. तव्यावरची ताजी भाकर बघा, पांढरट पिवळी, आणि कडेनं किंचित हिरवट झाक. काहींचा कडक भाकरीचा, खरपूस. काहींचा शेंगाचटणीचा. काहींचा तव्याचाच. ज्याला इंग्रजीत ऑलिव्ह म्हणतात तो रंग हाच, पिवळ्यात हिरवट झाक असलेला. ऑलिव्हचं झाड सोलापुरात कुणी बघितलेलं नाही, पण त्या रंगाच्या बाया चार हुतात्म्यांच्या चौकापास्नं बिडीच्या कारखान्यापर्यंत हजारोंनी चालतात. गोऱ्या ऑलिव्ह, सावळ्या ऑलिव्ह, दोन्ही. हा रंग काळा-गोरा ह्या मापात बसत नाही. ही झाक वेगळीच गोष्ट आहे, आणि मेकअपचं सगळं घोडं तिथंच पेंड खातं.

म्हणून पोरींनो, आता कामाचं ऐका. मला हे अक्कानं, पार्लरवालीनं आणि माझ्या डोळ्यांनी शिकवलं. पुरुष असून सांगतो म्हणून रागावू नका. पुरुष असून आजवर फक्त नावं ठेवली, त्यापेक्षा हे बरं.

दिवसा उजेडात तोंडाशेजारी कोरा पांढरा कागद धरा. गुलाबी दिसलात तर झाक थंड. पिवळ्या-सोनेरी दिसलात तर ऊबदार. आणि कागदाशेजारी तोंड जरासं हिरवट, राखी, मळकट पिवळं दिसलं तर ती ऑलिव्ह. मळकट म्हणजे मळ नव्हे, घासू नका. मनगटाच्या शिरा बघून ओळखायची युक्ती सगळ्या सांगतात, पण ह्या रंगात शिरा निळ्याही दिसतात, हिरव्याही. तिच्यावर विसंबू नका.

दुकानात फाउंडेशन हाताच्या पालथ्यावर लावून दाखवतात. लावू देऊ नका. हात वेगळा, तोंड वेगळं. जबड्याच्या हाडावर एक रेघ ओढायची, अशी की अर्धी तोंडावर आणि अर्धी मानेवर यावी. मग दुकानाच्या बाहेर यायचं. बाहेर म्हणजे रस्त्यावर, उन्हात. आत ट्यूबलाइट आणि पिवळे बल्ब लावलेले असतात, त्यात कुठलाही शेड बरोबर वाटतो, ते त्याच्यासाठीच लावलेले असतात. उन्हात जी रेघ नाहीशी होते ती तुमची. पांढरी दिसते ती नको. नारिंगी दिसते तीही नको, कारण काळ्यासावळ्या पोरींना म्हणून जे शेड काढतात ते निम्मे नारिंगी असतात, ऑलिव्ह कातडीवर हळकुंडासारखे उठतात. लगेच घेऊ नका. चहा पिऊन या. तासाभरात घामानं, तेलानं, हवेनं फाउंडेशन गडद होतं. तासानंतर जो रंग राहतो तो खरा.

नेमका शेड मिळाला नाही, आणि बहुतेक वेळा मिळणार नाही, तर दोन घ्या. एक पिवळट, एक गडद. तळहातावर मिसळा. ह्या धंद्यातले जाणकार त्यात निळ्या किंवा हिरव्या रंगाचा एखादा थेंब टाकतात. पिवळ्यात निळा गेला की हिरवट झाक येते, हे चौथीच्या चित्रकलेत शिकवलेलं असतं. डोळ्याखाली काळं असेल तर त्याच्यावर पांढरट कन्सीलर थापू नका, राखाडी वर्तुळ होतं. आधी नारिंगी किंवा पिकल्या पपईच्या रंगाचा करेक्टर बोटानं टिपायचा, मग आपला शेड.

ओठाला फिकट बाळगुलाबी रंग लावला की आपले ओठ खडू खाल्ल्यासारखे दिसतात. विटकरी लाल लावा. गंजाचा रंग लावा. पिकलेलं जांभूळ, मरून, तांबूस तपकिरी. गालाला कौलाचा रंग. पापणीवर तांबं, पितळ, जुनं सोनं. चकचकीत रुपेरी नको. काजळ भरपूर, ते आपल्याला जन्मजात शोभतं. सुरमा मात्र कुठल्या दगडाचा ते विचारून घ्या, शिशाच्या दगडाचा असेल तर डोळ्याजवळ नेऊ नका. आणि सोलापूरचा मे महिना आहे, चाळिसाच्या वर पारा. जेवढा थर जाड तेवढा तो जेवणाच्या पंगतीपर्यंत घामानं फुटतो. पातळ लावा. फोटो फ्लॅशनं काढणार असतील तर वरून सिलिकाची पांढरी पावडर मारू देऊ नका, डोळ्याला दिसत नाही पण फ्लॅशमध्ये कणकेचा हात पुसल्यासारखी उमटते.

फोटोवरून आठवलं. आपण म्हणतो, फोटो खोटं बोलत नाही. बोलतो. फार दिवस बोलला. कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या लॅबना रंग जुळवायला एक कार्ड पाठवायची. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो. त्या कार्डाला ‘शर्ली कार्ड’ असं नावच पडलं. शर्लीची कातडी बरोबर आली की मशीन बरोबर. बाकीच्या जगाची कातडी कशी येते ह्याच्याशी मशीनला कर्तव्य नाही. एकाच फोटोत गोरं पोर आणि काळं पोर असलं की काळ्याचे नुसते डोळे नि दात दिसायचे. मग सत्तरच्या दशकात तक्रारी आल्या. कुणाच्या? काळ्या आयांच्या नव्हे. त्यांच्या होत्याच, पण हलवल्या त्या चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी. त्यांच्या जाहिरातीत गडद तपकिरी नीट उठेना. चॉकलेटसाठी फिल्म सुधारली, त्यात माणसं आपोआप सुधारली. आज फिल्म गेली, मोबाइल आला, आणि ब्यूटी फिल्टर न विचारता तोंड उजळ करून ठेवतो. सात रस्त्यावरच्या स्टुडिओतला पोरगा अल्बम बनवताना संगणकावर सगळ्या वऱ्हाडाला गोरं करून टाकतो. अक्काच्या अल्बममध्ये आमचा बाप गोरा आहे. गिरणी बंद पडल्यावर आयुष्यभर उन्हात हातगाडी ओढलेला माणूस. आई ते पान उलटून टाकते.

आता धंद्याचं बोलू. १९५२ साली टाटांनी लॅक्मे काढली. नाव फ्रेंच, पण मूळ लक्ष्मी. लक्ष्मीला फ्रेंच पोशाख चढवला तेव्हा कुठं ती विकली गेली. १९७५ साली हिंदुस्तान लिव्हरनं फेअर अँड लव्हली बाजारात आणली. आमच्या आयांच्या तरुणपणापासून ती घराघरात. गोरी झाली तर नोकरी, गोरी झाली तर नवरा, गोरी झाली तर बाप मान वर करणार. एअर होस्टेसच्या जाहिरातीवर जनवादी महिला संघटनेनं भांडण केलं, २००३ ला ती बंद झाली. २००५ ला इमामीनं पुरुषांसाठी फेअर अँड हँडसम काढली. आमचे पँथर तीही फासतात, मला माहीत आहे, कारण मी सोळाव्या वर्षी लपून फासली आहे. २०१४ ला जाहिरात मानक परिषदेनं नियम केला की काळ्या रंगाच्या माणसाला जाहिरातीत हलकं दाखवायचं नाही. जाहिराती बदलल्या, माल तोच. आणि २०२० च्या मे महिन्यात अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाचा गुडघा पडला. जग पेटलं. महिन्याभरात लिव्हरनं जाहीर केलं की डबीवरचा ‘फेअर’ काढतो. झाली ग्लो अँड लव्हली. त्याच महिन्यात शादी डॉट कॉमनं रंग निवडायची चाळणी काढली. बघा हिशेब. खैरलांजी २००६ ची. तेव्हा कुणाच्या डबीचं टोपणसुद्धा हललं नाही. सातासमुद्रापलीकडच्या काळ्याची मान मोडली तेव्हा आमच्या गल्लीतल्या डबीवरचं नाव बदललं. नावच. आतलं मलम त्याच कामाचं.

काळ्या अमेरिकेकडून आपण १९७२ ला पँथर हे नाव घेतलं. त्यांचा आरसा घेतला नाही. त्यांनी साठच्या दशकात काळं सुंदर आहे अशी घोषणा दिली आणि घोषणेवर थांबले नाहीत. फॅशन शोतल्या काळ्या मॉडेलना आपल्या रंगाचं फाउंडेशन मिळेना, त्या दोन-तीन बाटल्या मिसळून वापरायच्या. हे बघून १९७३ ला शिकागोच्या जॉन्सन कंपनीनं फॅशन फेअर नावाची स्वतःची सौंदर्यप्रसाधनं काढली. २०१७ ला रिहाना ह्या गायिकेनं फेंटी ब्यूटी काढली, पहिल्याच दिवशी चाळीस शेड. तेव्हा बाकीच्या मोठ्या कंपन्यांना एकदम आठवलं की जगात काळी माणसं आहेत, त्यांनीही शेड वाढवले. आपल्याकडं मात्र होजिअरीच्या दुकानात बाई परकर मागते, ‘‘स्किन कलर द्या.’’ आणि दुकानदार गुलाबी परकर काढून देतो. कुणाची स्किन बे ही?

इथं एक गफलत मात्र करायची नाही. अमेरिकेत रंग म्हणजेच वंश. आपल्याकडं जात म्हणजे कातडी नव्हे. काळा बामण आणि गोरा महार ह्यांच्यावर भरवसा ठेवू नये, अशी म्हण ह्याच मुलखात आहे. म्हणजे म्हण रचणाऱ्यालाही माहीत होतं की बामण काळे असतात आणि महार गोरे. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये नाकाच्या मापांचे आकडे मांडून दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत. तेव्हा ‘आपण काळे म्हणून मूळचे, ते गोरे म्हणून आर्य’ असलं भाषण ठोकणाऱ्यानं आधी ते पुस्तक वाचावं. काळेपणाचा अभिमान मी सांगत नाही. उन्हात काम कुणी केलं आणि सावलीत कोण बसलं, ह्याची नोंद कातडीवर थोडीफार होते, तेवढीच. पण बाजारानं आणि लग्नानं मिळून त्या नोंदीला भाव लावला. गोरी आपली पोरगी असली तरी लोक म्हणतात ‘आपल्यातली वाटत नाही’, आणि आपण ते कौतुक समजून घरी घेऊन येतो!

आणि सोलापूर जिल्ह्यातच पंढरपूर. सातशे वर्षं त्या सावळ्या रूपाचं गाणं चाललंय. १९४७ ला साने गुरुजींनी उपोषण केलं तेव्हा कुठं आपल्या माणसांना आत जायचा रस्ता झाला. चोखोबाची समाधी अजून दाराबाहेरच. आमचा त्या दगडाशी व्यवहार १९५६ ला संपला, त्याबद्दल तक्रार नाही. पण एक विचारतो. त्या काळ्या दगडाला कुणी कधी दोन शेड वर घेतलं का? तो रंगानं डावा आहे म्हणून रखुमाईच्या घरच्यांनी जादा हुंडा मागितला का? देव सावळा चालतो. सून चालत नाही.

सून आपल्यातही चालत नाही. इथपर्यंत मी दुकानदाराला, कंपनीला, फोटोवाल्याला शिव्या घातल्या, ते सोपं होतं. आता आपल्या पोरांकडं वळतो, आणि त्यात मी पहिला. आपल्या वधू-वर मेळाव्यातल्या वह्या उघडा. पोरगा चळवळीतला, बायोडेटाच्या डोक्यावर बाबासाहेबांचा फोटो, खाली अपेक्षा: गोरी, सुंदर, घरेलू. हे लिहिताना हात कसा कापत नाही रे? गेल्या वर्षी आईचा फोन आला. ‘‘बाळा, पोरगी चांगली हाय, डी.एड. झाल्याली हाय, घरदार चांगलं हाय. रंगानं जरा डावी हाय बघ.’’ मी काय म्हणायला पाहिजे होतं? मी म्हणालो, ‘‘फोटो पाठवा.’’ फोटो आला. फिल्टर मारलेला, तरी ओळखू येत होतं. मी म्हणालो, ‘‘बघू.’’ आपल्याकडं ‘बघू’ म्हणजे काय हे सगळ्यांना कळतं, पोरीलाही कळलं असणार. त्याच आठवड्यात मी काळ्या रात्रीवर कविता लिहून एका अंकाला पाठवली होती, आणि ती छापूनही आली. पुढं ती पोरगी मला एका सभेत दिसली. माझ्याच रंगाची. तंतोतंत माझ्याच. मी आरशात रोज जो शेड बघतो तो मी नाकारला होता. ह्याला कुठली कंपनी जबाबदार आहे ते मला सांगा.

‘बघू’ ऐकलेल्या पोरी मग मेडिकलच्या दुकानात जातात. हे मी गल्लीत बघितलंय. खरजेचं, नायट्याचं म्हणून मिळणारं स्टेरॉइडचं मलम तोंडाला रोज चोळायचं. पंधरा दिवसांत उजळ दिसतं. मग कातडी सिगरेटच्या कागदासारखी पातळ होते, लाल शिरा वर येतात, मुरमं फुटतात, बाईला मिशा येतात, आणि बंद केलं की तोंड भाजल्यासारखं पेटतं. २०१८ साली सरकारनं अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं. चिठ्ठी कोण विचारतो? दुसरा प्रकार पाऱ्याचा. पारा कातडीतला रंग तयार होण्याचं काम बंद पाडतो आणि तिथून आत जाऊन मूत्रपिंडं धरतो. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडली, मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासण्यांत धागा तोंडाला लावायच्या क्रीमपर्यंत गेला आणि क्रीममध्ये पारा निघाला. २०२३ ची बातमी. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणं तोंडाच्या क्रीममध्ये पारा घालायचाच नाही, चुकून राहिला तरी दहा लाखांत एक भागाच्या वर नाही. म्हणून बिननावाची, बिनपत्त्याची, उत्पादकाचा परवाना नंबर नसलेली, ‘सात दिवसांत गोरेपण’ लिहिलेली डबी घरात दिसली तर भांडण नको, शांतपणे गटारीत टाका.

मेकअप करू नका असं मी कुणालाच म्हणत नाही. तसं म्हणणारे चळवळीतले सगळे पुरुष रोज दाढी करतात आणि मिशीला कात्री लावतात. गोदीत पाळी संपल्यावर आम्ही साबणानं दोनदा अंग धुतो आणि गाडीत चढायच्या आधी केस विंचरतो. माणसाला नीट दिसावंसं वाटतं. बाईलाही वाटतं. भांडण रंग लावण्याशी नाही. ज्या दुकानात माझ्या बहिणीच्या तोंडाचा रंग मिळत नाही आणि तिचं तोंडच चुकीचं ठरतं, त्या दुकानाशी आहे.

ह्या मे महिन्यात मावसबहिणीचं लग्न. मी सुट्टी काढून आठ दिवस आधी आलो. अक्का, मावसबहीण आणि मी, तिघं त्याच पार्लरमध्ये गेलो. अक्कानं आपला अल्बम बरोबर नेला होता. बाईपुढं उघडून ठेवला, काही बोलली नाही. बाईनं बघितलं, म्हणाली, ‘‘व्हय ताई, चुकलं.’’ मग म्हणाली, ‘‘मागवते, पण पैसे आधी द्या. पडून राहिलं तर मी मेले.’’ दिले. पिवळट अंगाची एक आणि गडद एक, अशा दोन बाटल्या पुण्याहून आल्या. मावसबहिणीला पार्लरच्या बाहेर पायरीवर उन्हात बसवलं, हातात आरसा दिला, बाईनं तळहातावर दोन्ही मिसळून जबड्यावर रेघ ओढली. तिसऱ्या मिसळणीला जुळलं. रस्त्यावरची पोरं बघत होती. मावसबहीण लाजली नाही, उलट मला म्हणाली, ‘‘अण्णा, तुमचं पण तोंड हिकडं करा, बघू दे बाईला.’’ माझ्या जबड्यावरही तीच रेघ. तीही जुळली.

लग्नात सासरकडची एक बाई म्हणालीच, ‘‘मेकअप केला नाही का पोरीला?’’ पार्लरवालीनं कान पकडून हसत हसत ‘‘केलाय की मावशी, पाचशे रुपये जास्त घेऊन केलाय’’ असं सांगितलं.

त्या दोन बाटल्यांत अजून निम्म्याच्या वर माल शिल्लक आहे. तारीख पुढच्या मार्चपर्यंतची आहे. त्याच्या आत ज्या पोरीचं लग्न ठरेल तिनं सात रस्त्यावर येऊन विचारावं. कोणतं पार्लर ते विचारायची गरज नाही. सगळ्यांनाच विचारत जा.